रात्रीचे बारा वाजून पाच

सरिता थूलला दवाखान्यात सगळे ‘कॉम्प्युटरवाल्या मॅडम’ म्हणायचे. मॅडम म्हणण्यात थोडा मान होता आणि बरीचशी सोय होती. प्रिंटरात कागद अडकला, बोलवा मॅडमला. टीव्हीवर टोकन नंबर दिसेना, बोलवा मॅडमला. एकदा ओपीडीतला पंखा खडखडायला लागला तेव्हाही वॉर्डबॉय तिलाच शोधत आला होता. त्याच्या मते पंखाही शेवटी विजेवरच चालतो. वर्ध्याचा हा खासगी दवाखाना काही फार मोठा नव्हता. तीन मजले, साठ खाटा आणि कामं सांगणारी माणसं मात्र खाटांपेक्षा जास्त.

बारा वर्षांपूर्वी ती तिथे केसपेपर टाईप करायला लागली. तेव्हा नागपूरहून विकत आणलेला एक प्रोग्राम होता, तो सोमवारच्या गर्दीत हटकून बंद पडायचा. फोन केला की पलीकडून ‘आज माणूस नाही’ असं उत्तर यायचं. शेवटी सरितानेच रात्रशाळेसारखं शिकून, चुकत-माकत, स्वतःचा प्रोग्राम लिहिला. आधी ओपीडीचा, मग औषधांचा, मग वॉर्डातल्या नोंदींचा. त्याबद्दल तिला स्वातंत्र्यदिनाला एक नारळ आणि शाल मिळाली. पगार होता तोच राहिला. पण एवढ्या मोठ्या इमारतीत आपल्या हातचं काहीतरी दिवसरात्र चालतंय, याचा तिला आनंद होता. नवरा रुपेश तिची थट्टा करायचा, ‘दवाखाना डॉक्टर चालवते का तू चालवते?’

तो रुपेश त्याच दवाखान्यात वारला. डेंग्यूचा ताप होता. दोन रात्री सरिता त्याच्या खाटेजवळ बसून होती. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, तो दोन घास वरणभात जेवला, आणि संध्याकाळी त्यानेच तिला नालवाडीच्या घरी झोपायला पाठवलं. मध्यरात्री त्याचा रक्तदाब एकदम पडला. दोन वाजून चाळीस मिनिटांनी तो गेला. तिला फोन आला तेव्हा सगळं संपलेलं होतं.

सरिता रडली नाही. पांढऱ्या कपड्यातली माणसं घरात आली, बुद्धवंदना झाली, सासू सीताबाईने भिंतीवर डोकं आपटून घेतलं, आणि सरिता आलेल्यांना पाणी देत राहिली. लोक म्हणाले, मोठी धीराची बाई आहे. धीर कसला! तिला आत काही लागतच नव्हतं. चहा गरम आहे की गार ते ओठांना कळत नव्हतं. दहाव्या दिवशी ती कामावर गेली आणि खुर्चीत बसून तिने पहिलं काम काय केलं, तर रुपेशची फाईल उघडून शेवटच्या रात्रीच्या नोंदी छापल्या.

नोंदी चोवीस तासांच्या वेळेत छापल्या जात, ज्याला आपल्याकडे रेल्वे टाइम म्हणतात. विमा कंपन्यांना तसंच लागतं. कागदावर होतं: २३:५०, रक्तदाब कमी, सलाईन वाढवली. मग थेट ०१:१०, डॉक्टर आले. मग ०२:४०, मृत्यू. आणि त्याच्याही खाली, सगळ्यात शेवटी, १२:०५, डॉक्टरांना फोनवर कळवले. नोंद करणारी, सिस्टर अंकिता.

माणूस रात्री जातो आणि डॉक्टरांना कळवल्याची नोंद दुसऱ्या दिवशी दुपारी पडते. याचा अर्थ कोणीही एकच काढला असता. रात्री या पोरीने कळवलंच नाही, झोपली असेल नाहीतर मोबाईल बघत बसली असेल, आणि दुसऱ्या दिवशी जबाब द्यायला दुपारी बोलावलं तेव्हा गुपचूप नोंद घालून मोकळी झाली. सरिताने तो कागद मॅनेजर मधुकररावांच्या टेबलावर ठेवला. चौकशी समिती बसली, आणि प्रश्न विचारायला सरिताही तिथे बसली. डॉक्टर म्हणाले, ‘वरच्या मजल्यावर अपघाताचा पेशंट होता, जगवायचा होता. निरोप नेमका कधी आला ते आता आठवत नाही.’ फोन वॉर्डातल्या इंटरकॉमवरून केलेला, त्याची नोंद कुठेच राहत नव्हती. अंकिता तेवीस वर्षांची, गिरडची, लागून चार महिने झालेली. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत राहिली, ‘मी बाराले पाचच मिनिटं झालते तवाच फोन लावला.’ पण कागदापुढे तोंडाला कोण विचारतो? तिला काढून टाकलं. अनुभवाचा दाखला मागितला तेव्हा त्यावर ‘कामात हलगर्जी’ असा शेरा मारून दिला. असा दाखला दाखवण्यापेक्षा न दाखवलेला बरा.

त्यानंतरचे आठ महिने सरिता त्या एका रागावर जगली. हे स्पष्टच सांगायला हवं. सकाळी उठावं असं दुसरं कारण तिच्याकडे नव्हतं. ती डबा भरायची, स्कूटीवर बसायची, दिवसभर पडद्यासमोर बोटं चालवायची, घरी येऊन सीताबाईला गोळ्या द्यायची, आणि या सगळ्यात तिला कशाचाच स्पर्श होत नव्हता. अंकिताचं नाव आठवलं की तेवढं छातीत काहीतरी पेटायचं. ती पोरगी आता कुठे असेल, कशी असेल, असला विचार तिने एकदाही केला नाही.

मग एका मंगळवारी एक गडी तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हिंगणघाटकडचा, नत्थूजी नावाचा, नातू झाला म्हणून खुशीत, पण कपाळाला आठी.

‘मॅडम, माह्या नातवाच्या जन्माची चिठ्ठी चुकीची आली. पोरगं रात्री साडेबाराले झालं. मी सोता बाहेर बसून होतो. अन् ह्या कागदावर दुपारचे साडेबारा. गुरुजी म्हणते, यानं पोराचं लग्नच बदलते.’

‘कोणाचं लग्न?’ सरिताने विचारलं.

‘पत्रिकेतलं लग्न, मॅडम. तुमच्यात नसते पाहत, आमच्यात पाहतात. ते पोराच्या जिंदगीचा सवाल आहे ना.’

सरिताला पत्रिकेत काडीचा रस नव्हता. एरवी तिने हाताने खोडून सही करून दिली असती. पण तो माणूस हटेना. ‘हातानं नोको, मॅडम. कॉम्प्युटरातून द्या. हाताच्या कागदाले कोणी मानत नाई.’ म्हणून तिने ती नोंद उघडली. सिस्टरने बरोबर लिहिलं होतं: १२:३५ एएम. छापून आलं होतं १२:३५. रेल्वे टाइममध्ये तो दुपारचा झाला. रात्रीचा असता तर ००:३५ यायला हवा होता.

सरिता पडद्याकडे बघत राहिली. मग तिने बारा वर्षांपूर्वीचा आपलाच प्रोग्राम उघडला.

वेळ वाचायचा तो तुकडा जेमतेम दहा ओळींचा होता. ‘९:१५ पीएम’ अशी अक्षरं आली की प्रोग्राम ती मधल्या टिंबांपाशी कापतो, पुढचा तास घेतो, मागची मिनिटं घेतो, शेवटची दोन इंग्रजी अक्षरं पाहतो. पीएम असलं तर तासात बारा मिळवतो. नवाचे एकवीस होतात. सोपं काम. पहिल्याच दिवशी यात ती फसली होती, कारण दुपारी साडेबाराला आलेल्या पेशंटची वेळ चोवीस वाजून तीस अशी छापून आली होती आणि अख्खी ओपीडी हसली होती. तेव्हा लाजून तिने लगेच अट घातली: पीएम असेल आणि तास बारा नसेल, तरच मिळव. दुपारचे बारा जागेवर आले. रात्रीच्या बारांसाठी उलटी अट लागते, एएम असेल आणि तास बारा असेल तर त्याचा शून्य कर. ती अट तिथे नव्हती. ती कधीच लिहिली गेली नव्हती. ओपीडी संध्याकाळी सातला बंद होते. रात्रीचे बारा तिच्या प्रोग्रामने पाहिलेच नव्हते. नंतर तोच तुकडा तिने उचलून वॉर्डाला लावला, प्रसूतीला लावला. चालतंय म्हटल्यावर कोण कशाला उघडून पाहतं?

प्रोग्राम अडला नव्हता, ओरडला नव्हता. त्याने रात्र वाचली होती आणि दुपार म्हणून ठेवून दिली होती.

तिने नत्थूजींना थांबायला सांगितलं. दोन ओळी लिहिल्या. नवी चिठ्ठी छापून दिली. म्हातारा ‘भगवान भलं करो’ म्हणून गेला. मग तिने रुपेशची फाईल उघडली.

२३:५०, रक्तदाब कमी, सलाईन वाढवली. ००:०५, डॉक्टरांना फोनवर कळवले. ०१:१०, डॉक्टर आले. ०२:४०.

ओळ आपली आपण वर सरकून आपल्या जागी जाऊन बसली होती.

सरिताला वाटलं आता काहीतरी होईल. काही झालं नाही. तिने पाण्याची बाटली उघडली, पाणी प्यायलं, झाकण लावलं. हात सुन्न होते, एवढंच.

पण एक गोष्ट तिला समजेना. वॉर्ड रात्रभर चालतो. तिथे रात्री बारा ते एक या वेळेत वर्षानुवर्षं औषधं दिली जातात, ताप मोजला जातो. मग ही चूक आधीच कोणाला कशी दिसली नाही? ती उठून पुरुषांच्या वॉर्डात गेली. मनकर्णाबाई तिथे वीस वर्षांपासून मावशी होती. डॉक्टर बदलले, मालक बदलले, पण मनकर्णाबाई आणि तिची सुपारीची डबी बदलली नव्हती.

‘मावशी, रात्री बाराचं औषध दिलं की सिस्टर काय वेळ लिहितात?’

‘अकरा पंचावन.’

‘बारा का नाही लिहीत?’

‘तुम्हीच तं करून ठेवलं तसं! बारानंतर तारीख बदलते ना, मंग तुमचा तो कॉम्प्युटर नवीन पान उघडते. अन् पेशंटचं सारं पयलेपासून भरा लागते. नाव, खाट, सलाईन, सारं. त्या झंझटीत कोण पडन? काहीही झालं तरी बारा ते एकातलं काम अकरा पंचावनवर टाकतात, अन् नवीन पान मंग एकानंतर निवांत भरतात. जुन्या सिस्टर नवीन पोरीयले पयल्याच हप्त्यात शिकवतात. प्रसूतीत नाई चालत तसं, तिथं जन्माचा टाइम आहे, त्याच्यात कोणी खोटं नाई करत. हे प्रसूतीचं आत्ता दोन महिन्यापासून तं चालू झालं कॉम्प्युटरात.’

‘आणि अंकिता?’

मनकर्णाबाईने सुपारी तोंडात टाकायची थांबवली. ‘तिलेही सांगतलं होतं. त्या रात्री ते सारं नवीन पान भरत बसली. म्हटलं, बाई, काऊन जीव देऊन राह्यली? तं म्हणे, मावशी, पेशंट सिरीयस आहे, टाइम खरा पाह्यजे.’

‘तुम्ही हे समितीत का नाही सांगितलं?’

‘मले बलावलं कोणी? झाडूवालीले कोणी इचारते का, बाई?’

म्हणजे सगळा वॉर्ड खोटी वेळ लिहीत होता म्हणून सरिताची चूक झाकलेली होती, आणि एकटीने खरी लिहिली ती उघडी पडली. जगाची रीतच आहे, नाकापेक्षा मोती जड झाला की मोतीच काढून टाकायचा. पण हा मोती कोणी काढला, ते सरिताला आता पक्कं ठाऊक होतं.

मधुकरराव वाईट माणूस नव्हते. फक्त शांतता त्यांना न्यायापेक्षा जास्त आवडायची. दोन्ही कागद त्यांनी चष्मा वर करून पाहिले, खाली करून पाहिले.

‘ओळ सुधरवली ना?’

‘हो.’

‘झालं मंग. जुनं उकरून काय भेटते, सरिता? ते पोरगी गेली, तिचं कुठं ना कुठं जमलंच असन. आपण लेखी दिलं का आमचाच प्रोग्राम चुकला होता, तं उद्या प्रत्येक पेशंटचा नातेवाईक जुने कागद घेऊन उभा राहीन. अन् पयलं बोट कोणावर येईन? तुह्यावर. घरी सासू आहे तुही. नोकरीचं पाहा.’

‘हो,’ सरिता म्हणाली.

ती खुर्चीत येऊन बसली आणि तिने पत्र लिहायला घेतलं. हे धाडस होतं असं कोणी समजू नये. नोकरी जाईल, या भीतीलाही लागायला आत काहीतरी जागं असावं लागतं. उलट तिला मोह होता तो वेगळाच. मधुकररावांचं ऐकलं असतं, तर राग शिल्लक राहिला असता. अंकिता खोटी ठरलेली राहिली असती, आणि सरिताला रोज सकाळी उठायला कारण राहिलं असतं. आता कोणावर रागवायचं? फोन वेळेवर गेला होता. डॉक्टर वरच्या मजल्यावर एका माणसाला जगवत होते, आणि तो माणूस जगला होता. मधला तासभर रुपेश कोणाच्याच चुकीने पडून नव्हता. ते पत्र पूर्ण करायला तिला दोन दिवस लागले. शनिवारी तिने सही करून ते आवक खिडकीवर दिलं, प्रतीवर शिक्का घेतला, आणि रविवारी गिरडची वाट धरली.

हिंगणघाटला बस बदलावी लागली. गिरडला उतरली तेव्हा अर्धी बस दर्ग्याला जाणाऱ्यांची होती. टेकडीच्या पायथ्याशी शिरणीची, फुलांच्या चादरींची, रेवड्यांची दुकानं ओळीने लागलेली. अंकिताच्या वडिलांचं, किसनरावांचं दुकान विचारल्यावर पहिल्याच माणसाने बोट दाखवलं. अंकिता तिथेच होती. कोपरापर्यंत बाह्या सारून ती रेवड्यांच्या पुड्या बांधत होती, एकसारख्या, घट्ट, जखमेवरची पट्टी बांधावी तशा.

तिने सरिताला ओळखलं. हात क्षणभर थांबले, मग पुन्हा चालू लागले.

‘काय पाह्यजे?’

सरिताने दोन्ही कागद आणि पत्राची प्रत पुढे केली आणि सांगितलं. काही सजवलं नाही. ‘चूक माझ्या प्रोग्राममध्ये होती. रात्रीचे बारा तो दुपारचे धरत होता. तू बरोबर लिहिलं होतंस. मी हे लेखी दिलंय, शिक्का आहे. दाखल्यावरचा शेरा काढायला सांगितलंय.’

अंकिताने कागद वाचला. तिला नोंदी वाचता येत होत्या, समजावून सांगायची गरज पडली नाही. मागे तिचा बाप किसनराव नारळाचं पोतं उसवत होता, तोही थांबला होता. ‘बाबा, हे पाहा,’ ती म्हणाली आणि पत्र त्याच्या हातात दिलं. मग सरिताकडे न बघता म्हणाली, ‘मी फोन लावलता हे मले तं माहीतच होतं. तुमच्या कागदाची मले गरज नोती. ह्यायले होती. आठ महिने झाले, हे मले रोज जेवताना इचारतात, खरं सांग पोरी, झोपली होती का तू? म्हणे, कॉम्प्युटर काऊन खोटं लिहीन?’

किसनराव पत्र उलटं-सुलटं करत राहिला. त्याचे ओठ हलत होते. त्याने ते घडी करून खिशात ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा वाचलं.

‘मला माफ कर,’ सरिता म्हणाली. शब्द बरोबर होते आणि ते तिच्या तोंडून कोरडे आले, ते तिलाही ऐकू आलं.

‘बसा,’ अंकिता म्हणाली. रागाने नाही, प्रेमानेही नाही. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना तिने पुड्या दिल्या. मग हात पुसत जवळ आली.

‘ताई, तुमी समितीत मले लय काही इचारलं. कोणतं औषध, किती वाजता, कोण्या खाटेवर. पण ते काय बोलले, ते इचारलंच नाई.’

‘कोण?’

‘भाऊ. तुमचे मालक. ते बोलत होते ना शेवटपर्यंत. डॉक्टरले फोन लावल्यावर मी तुमाले फोन लावाले मोबाईल काढला. त्यायनं माह्या हातावर हात ठेवला. म्हणे, तिले नोको उठवू, सिस्टर. दोन रात्री झाल्या, तिच्या डोळ्याले डोळा नाई. झोपू दे तिले. सकाळी सांगजो.’ अंकिताने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. ‘मी ते लिहिणार होती. पण तुमच्या त्या कॉम्प्युटरात औषध लिहाले जागा आहे, ताप लिहाले आहे. माणूस काय म्हणते, ते लिहाले जागाच नाई.’

सरिता त्या रात्री गाढ झोपली होती. उशाशी फोन ठेवून, आवाज मोठा करून, आणि तरीही आपण झोपलो, आपण तिथे नव्हतो, हे तिने आठ महिने मनात येऊ दिलं नव्हतं. स्वतःच्या जागी तिने अंकिताला उभं केलं होतं. आणि तो तर तिकडे, रक्तदाब पडत असताना, तिची झोप राखत बसला होता.

 मग घशातून एक आवाज निघाला, तिच्या ओळखीचा नसलेला. ती रेवड्यांच्या परातीजवळ, दुकानाच्या फळीवर कपाळ टेकून रडायला लागली, मोठ्याने, लाजलज्जा सोडून, आणि दर्ग्याच्या पायऱ्या चढणारी माणसं वळून पाहू लागली. अंकिताने रेवड्यांची परात बाजूला सारली. मग तिने सरिताच्या पाठीवर हात ठेवला आणि बापाला म्हणाली, ‘बाबा, गिऱ्हाईक तुमी पाहा.’